तक्रारपेटी रिकामी राहते तेव्हा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुरानं माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांची दैना केली. मदत घेऊन गेलेल्या संस्था, मंडळं आणि कॉलेजची पथकं यांनी या सदराकडे प्रश्न पाठवले. ज्यांना मदत मिळाली किंवा मिळाली नाही अशा वाचकांनीही पाठवले. मदत देणाऱ्याला जाब कोणी विचारायचा आणि त्यानं तो कसा द्यायचा, हा त्यातल्या बहुतेकांचा गाभा आहे. पत्रलेखकांची नावं आणि गावं मुद्दाम दिलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : आम्ही काही तरुणांनी मिळून पाच गावांत धान्य, भांडी आणि शाळेचं साहित्य वाटलं. प्रत्येक ग्रामपंचायतीत तक्रारपेटी लावली. दोन महिन्यांत दोनच चिठ्ठ्या निघाल्या, त्यातली एक आभाराची. लोक समाधानी आहेत असं समजावं का? (माढा तालुका)

समजू नये. पाच गावांत वाटप झालं आणि कोणाचीच कुरकुर नाही, असं होत नाही. कोणाचं नाव राहिलेलं असतं, कोणाच्या पिठात अळ्या निघालेल्या असतात. ते पारावर आणि चहाच्या टपरीवर बोललं जातंच, फक्त तुमच्यापर्यंत येत नाही.

पेटी ग्रामपंचायतीत आहे, म्हणजे चिठ्ठी टाकणारा माणूस चारचौघांना दिसतो. किल्ली बहुधा त्याच कार्यकर्त्याकडे असते ज्यानं यादी केली. ज्या आजीला लिहिता येत नाही तिनं शेजारच्या पोराकडून लिहून घ्यायचं, म्हणजे गावभर बोभाटा. या सगळ्याच्या वर असते ती भीती: बोललो तर पुढच्या यादीतून नाव कापतील. ही भीती खोटी आहे असं नुसतं सांगून ती जात नाही. एखाद्यानं तक्रार केली, त्याला उत्तर मिळालं आणि तरीही पुढच्या वाटपात त्याचं नाव होतं, हे गावानं पाहिलं की ती हळूहळू कमी होते.

पेटी राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. आधी लोकांनाच विचारा की त्यांना कसं बोलायला आवडेल. बायकांना वेगळं विचारा, म्हाताऱ्यांना वेगळं, वस्तीवर वेगळं. मग निदान तीन वाटा मोकळ्या ठेवा. वाटपाच्या दिवशी रांगेपासून पंधरा-वीस पावलांवर एक टेबल मांडा आणि तिथं वाटपाशी संबंध नसलेली दोन माणसं बसवा. त्यातली एक बाई असलीच पाहिजे. एक फोन नंबर द्या, पण ठरावीक वेळेचा, उदाहरणार्थ संध्याकाळी सहा ते आठ. मिस्ड कॉल आला तर आपण उलट फोन करायचा. आणि पंधरा दिवसांतून एकदा बचत गटाच्या बैठकीला जाऊन फक्त ऐकायचं. पेटी असेल तर ती ग्रामपंचायतीतून हलवून दवाखान्याजवळ किंवा शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावा. ठरलेल्या वारी दोघांनी मिळून उघडायची आणि किल्ली गावात ठेवायची नाही.

नोंदवही साधी दोनशे पानी चालते. रकाने असे आखा: क्रमांक, तारीख, गाव, कोणत्या वाटेनं आली, बाई की पुरुष आणि अंदाजे वय, म्हणणं काय, कोणाकडे दिली, काय ठरलं, त्या माणसाला कधी आणि कसं कळवलं. नाव ऐच्छिक ठेवा. तक्रार देणाऱ्याला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्या, म्हणजे नाव न सांगताही तो पुढे विचारू शकतो. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहतो, आणि सगळी व्यवस्था तिथंच कोसळते. चौकशी झालेली असते, सामान बदलून द्यायचं ठरलेलं असतं, पण ज्यानं विचारलं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या लेखी तक्रार पाण्यात गेली. ‘नाही जमणार, कारण अमुक’ हेसुद्धा उत्तर आहे. तेही वेळेत द्या.

मुदत तक्रारीच्या प्रकारानुसार ठरवा. माहिती हवी असेल तर तिथल्या तिथं किंवा तीन दिवसांत. सामान खराब, वजन कमी, नाव राहिलं यासाठी आठ ते दहा दिवस. पैसे मागितले, धमकावलं, अंगचटीला आला, लहान मुलाला त्रास झाला, तर त्याच दिवशी आणि आधी नेमून दिलेल्या एकाच माणसाकडे. ही नोंद सर्वांच्या वहीत करायची नाही. तक्रार दुसऱ्या संस्थेबद्दल किंवा तहसीलबद्दल असेल तरी झटकू नका. कुठं जायचं ते नीट सांगा आणि तेही नोंदवा.

महिन्याकाठी वही उघडून मोजा. बायकांची एकही नोंद नसेल, किंवा एका वस्तीवरून काहीच आलं नसेल, तर तिथं स्वतः जा.

प्रश्न : पुराच्या वेळी आम्हाला शाळेत ठेवलं होतं. पाणी आणि संडास यांची फार आबाळ झाली. निवारा शिबिरात किती सोय असायला हवी याचा काही नियम आहे का? (दक्षिण सोलापूर तालुका)

आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ नुसार मदतीचे किमान निकष ठरवणं बंधनकारक आहे. त्यानुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, दिवसाला पिण्याचं पाणी तीन लिटर, मोठ्या माणसाला २४०० कॅलरी अन्न, तीस माणसांमागे एक संडास. जगभरातल्या मदतसंस्था ‘स्फिअर’ हे निकष वापरतात. त्यांत पिणं, स्वयंपाक आणि अंघोळ मिळून माणशी किमान १५ लिटर पाणी आणि दीर्घकाळच्या निवाऱ्यात वीस माणसांमागे एक संडास धरला आहे. बायकांचा संडास वेगळा, आतून कडी आणि रात्री उजेड हेही त्यात येतं.

वर्गखोली साधारण २० फूट बाय २० फूट असेल तर ती ३७ चौरस मीटर भरते, म्हणजे दहा माणसांची. एका खोलीत तीस माणसं असतील तर तसं कागदावर लिहून तलाठ्याकडे आणि तहसीलदारांकडे द्या. ‘गैरसोय होते’ असं लिहिलं तर कोणी हलत नाही. ‘९० माणसं, संडास एक, पाणी दिवसाला एक टँकर’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं.

प्रश्न : बचत गटाची अध्यक्ष म्हणून एका संस्थेनं मला साठ कुटुंबांची यादी करायला सांगितली. गावात पूरग्रस्त घरं दोनशेच्या वर आहेत. यादीवरून भांडण होणार हे दिसतंय. काय करू? (मोहोळ तालुका)

ताई, आधी नावं लिहू नका, निकष लिहा. आणि हे काम एकटीवर घेऊ नका. संस्थेनं ते तुमच्या गळ्यात मारलं आहे. निकष ठरवताना आणि यादी वाचून दाखवताना त्यांचा माणूस हजर पाहिजे असं स्पष्ट सांगा. संस्था निघून जाते आणि शिव्या गावातल्या बाईला बसतात, हे बरोबर नाही.

निकष डोळ्यांनी तपासता येतील असे हवेत. ‘गरीब कुटुंब’ हा निकष नव्हे. भिंत पडली का, घरात पाणी किती उंच आलं (भिंतीवरचा गाळाचा पट्टा सांगतो), दुभतं जनावर किंवा शेळ्या वाहून गेल्या का, घर एकट्या बाईवर आहे का, अंथरुणाला खिळलेलं किंवा अपंग माणूस आहे का, स्वतःची जमीन आहे का, असे प्रश्न ठेवा. हे गावसभेत एकदम ठरवू नका. देवळासमोरच्या बैठकीत ठरावीक माणसंच बोलतात. गावठाण, मागासवर्गीयांची वस्ती, पारध्यांची पालं आणि शेतवस्ती अशा छोट्या बैठका वेगवेगळ्या घ्या, बायकांची एक वेगळी घ्या, आणि मग सगळं एकत्र मांडा.

तलाठ्याची पंचनाम्याची यादी सोबत ठेवा, पण तीच उतरवून काढू नका. ती सातबारा आणि घराच्या नोंदीवर उभी असते, म्हणून काही माणसं तिच्यातून हमखास सुटतात. भाड्यानं राहणारे, वाट्यानं जमीन कसणारे, सालगडी, गायरानात झोपडी असलेले, एकाच रेशनकार्डावर पण वेगळ्या चुली असलेले भाऊ, आणि सासरहून परत आलेल्या, घर भावाच्या नावावर असलेल्या बायका. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर वेगळंच दुखणं आहे. पूर आला तेव्हा ते गावात होते. मदत येईपर्यंत कारखान्यावर गेले. वाटपाच्या दिवशी घराला कुलूप दिसतं आणि नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. त्यांच्या मुकादमाला किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नाव ठेवा आणि सामान कोण घेणार हे त्यांच्याशी फोनवर बोलून ठरवा.

कच्ची यादी तयार झाली की मोठ्यानं वाचा आणि तीन जागी लावा: ग्रामपंचायतीचा फलक, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र. हरकतीसाठी तीन ते पाच दिवस द्या. प्रत्येक हरकत दोन वेगवेगळ्या वस्तींतल्या माणसांनी घरी जाऊन पाहायची. मग पक्की यादी, आणि ज्यांचं नाव आलं नाही त्यांना कोणत्या निकषात बसले नाहीत ते तोंडी सांगायचं. भिंतीवरच्या यादीत नाव आणि वस्ती एवढंच असावं. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, आजार किंवा ‘परित्यक्ता’ असले शेरे भिंतीवर लावणं म्हणजे मदत करता करता त्या माणसाला उघडं पाडणं आहे.

यादीशेजारीच एकूण किती संच आले, कोणी दिले आणि एका संचात काय काय व किती वजनाचं आहे ते लिहा. पीठ ५ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, जे असेल ते. वाटपाच्या जागी वजनकाटा ठेवा. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या लोकांना हे चारा छावण्यांवरून ठाऊक आहे: जनावरामागे किती किलो वैरण ठरली ते फलकावर असलं आणि काटा समोर असला की अर्धे वाद उठतच नाहीत.

‘भांडण नको, सगळ्यांना सारखं वाटून टाका’ असा दबाव येईल. पहिल्या तीन-चार दिवसांत, चुली विझलेल्या असताना, सरसकट वाटप योग्यच आहे. तेव्हा निकष लावत बसणं क्रूरपणाचं ठरेल. पण साठ संच दोनशे घरांत वाटले की कोणाचीच भिंत उभी राहत नाही. छपराचे पत्रे आणि शेळ्या निकषानंच द्यायला हव्यात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: आपत्ती कायद्याच्या कलम ६१ नुसार मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. अमुक वस्ती नको असं कोणी म्हणालं तर हे कलम त्यांच्यापुढे ठेवा.

प्रश्न : आमच्या भागात बायका घरात कानडी बोलतात. फलक मराठीत लावला तर काय बिघडतं? सगळ्यांना थोडंफार कळतं. (अक्कलकोट तालुका)

‘थोडंफार’ कळणाऱ्या बाईला वाटपाची तारीख कळते, पण ‘पैसे मागितल्यास कळवा’ हे वाक्य कळत नाही. आणि कळलं तरी परक्या भाषेत तक्रार करायचा धीर होत नाही. अक्कलकोटकडे कानडी, सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू, बंजारा तांड्यांवर गोरमाटी आणि बऱ्याच मोहल्ल्यांत दखनी, असा हा जिल्हा आहे. एक मिनिटाचं बोलणं त्या त्या भाषेत त्याच गावच्या बाईच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि मोबाइलवर फिरवा. पण मोबाइल बहुधा नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो, म्हणून दवंडी, मशिदीचा आणि देवळाचा भोंगा आणि अंगणवाडीताई हेही वापरा. संदेश पोचला का हे तपासायला ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे मान हलवतात. ‘तुमच्या जावेला हे कसं सांगाल?’ असं विचारा.

प्रश्न : देणगीदार मदत घेताना हसणाऱ्या माणसांचे फोटो मागतात. फोटो नाही तर पुढची देणगी नाही. (सोलापूर शहर)

हातात पिशवी देतानाचा फोटो घेऊ नका. त्या क्षणी माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. फोटो हवाच असेल तर सामान देऊन झाल्यावर, नाही म्हटलं तरी काही परत घेणार नाही हे सांगून विचारा, आणि फोटो कुठं छापला जाईल तेही सांगा. लहान मुलांचे चेहरे नकोतच. रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेच्या नवव्या कलमात संस्था देणगीदाराला जशी उत्तरदायी तशीच मदत घेणाऱ्यालाही उत्तरदायी आहे असं म्हटलं आहे. दहावं कलम प्रसिद्धीत त्या माणसाचा मान राखायला सांगतं. देणगीदाराला ट्रकची पावती, साठ्याची नोंदवही, सह्या-अंगठ्यांची यादी आणि तक्रारवहीचा महिन्याचा गोषवारा पाठवा. पैसा कुठं गेला हे फोटोपेक्षा त्यातून जास्त कळतं.

प्रश्न : मदतवाटपातला एक माणूस नाव घालण्यासाठी एका विधवा बाईकडे ‘भेटायला ये’ म्हणतो असं कानावर आलं. गावात विषय काढावा का? (पंढरपूर तालुका)

गावात काढू नका. दोघांना समोरासमोर बसवून मिटवूही नका. त्यातून बाईचंच नाव खराब होतं आणि तो माणूस सावध होतो. तुम्ही स्वतः चौकशी करत फिरू नका, शेजाऱ्यांना विचारू नका. कानावर आलेलं पुरेसं आहे. पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नव्हे.

मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध, किंवा त्याची नुसती मागणी, याला मदतकार्यात कुठंही माफी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांच्या समितीनं २००२ मध्ये ठरवलेल्या तत्त्वांत हे गंभीर गैरवर्तन आणि कामावरून काढण्याचं कारण मानलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीशी किंवा मुलाशी संबंध पूर्ण निषिद्ध आहे, ‘वय माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही.

ओळखीच्या, विश्वासाच्या बाईमार्फत त्या ताईला एकांतात भेटा. आधी ती सुरक्षित आहे का पाहा. तिला काय हवं ते तिनं ठरवायचं: पोलीस, वैद्यकीय तपासणी, की फक्त त्या माणसाशी गाठ पडू नये एवढंच. महिला हेल्पलाइन १८१, तातडी असेल तर ११२. मुलगी अठराच्या आतली असेल तर प्रश्न तिच्या इच्छेवर राहत नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा, २०१२ नुसार माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

संस्थेच्या प्रमुखाला लेखी आणि बंद पाकिटात कळवा. त्यांनी चौकशी संपेपर्यंत त्या माणसाला गावातल्या कामापासून दूर ठेवायचं, आणि त्या ताईची मदत एक दिवसही थांबवायची नाही. पीडित बाई संस्थेची कार्यकर्ती असेल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा लागू होतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

यापुढे प्रत्येक वाटपाआधी मोठ्यानं सांगा: ही मदत फुकट आहे, कोणी पैसे, काम किंवा आणखी काही मागितलं तर या नंबरवर कळवा. नाव नोंदवायला एकटा पुरुष घरोघर पाठवू नका, आणि वाटप अंधार पडायच्या आत संपवा.

प्रश्न : पिकाचा पंचनामा झाला, शेजाऱ्याला पैसे आले, मला नाहीत. कोणी नीट सांगत नाही. (करमाळा तालुका)

दादा, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) यादीत तुमचं नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर आहे का ते पाहा. अडकण्याची नेहमीची कारणं तीन. क्षेत्र सामाईक आहे आणि बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र नाही. ई-केवायसी राहिली आहे. किंवा आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं आहे. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे. बँकेनं मदत कर्जात वळवली असेल तर शाखाधिकाऱ्याला लेखी हरकत द्या; अशी वळती करू नये अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत असते.

इतक्यानं काम झालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि ‘माझ्या गटाच्या पंचनाम्याची प्रत आणि मदत नाकारल्याचं कारण’ एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील. खासगी संस्थेला मात्र हा कायदा सरकारी पैशाचा मोठा वाटा असेल तरच लागू होतो. नोंदणीकृत न्यास असेल तर तिच्या हिशेबाबद्दल धर्मादाय कार्यालयात विचारता येतं.

प्रश्न : आमचा निधी महिन्याभरात संपतो आहे. लोकांना आत्ताच सांगितलं तर नाराज होतील, म्हणून शेवटच्या आठवड्यात सांगायचं ठरवलं आहे. (उत्तर सोलापूर तालुका)

आजच सांगा. कोणी शेळ्यांसाठी गोठा घालत असेल, कोणी तुमच्या भरवशावर उसने पैसे घेत असेल. किल्लारी भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. घरमालक आणि सरकारी यंत्रणा यांच्यातली ये-जा त्या करायच्या. तशा दोन-तीन बायका तुमच्याही गावांत असतील. काय पूर्ण होणार, काय अर्धवट राहणार आणि त्याचं कारण, हे त्यांना सोबत घेऊन वस्तीवस्तीत जाऊन सांगा. एकूण किती पैसे आले आणि कशावर गेले ते एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत लावा. तक्रारवहीतली प्रत्येक उघडी नोंद काढून त्या माणसाला शेवटचं उत्तर द्या. जी तुमच्यानं सुटणार नाही ती कोणाकडे सोपवली ते नावानिशी सांगा. घरांच्या याद्या, आधारच्या झेरॉक्स आणि फोटो यांतलं जे हिशेबासाठी लागत नाही ते नष्ट करा. आणि तो फोन नंबर निदान तीन महिने चालू ठेवा, कारण पत्र्याला पहिली गळती लागते ती तुम्ही गेल्यावर.